बाबांचं घाबरणं

३० नोव्हेंबर

विक्कीभाऊ हो म्हणाला! लिहूनच ठेवते, नाहीतर उद्या मलाच खोटं वाटेल. सिनेमा होणार, माझा. भुताच्या बंगल्याचा, हसवणारा, आणि आपल्या बोलीतला. आजवर मी मोबाइलवर छोट्या छोट्या गमती करून टाकत होते, तर लोक म्हणायचे, "मिनल, काहीतरी मोठं कर ना वं." आता करून राहिले तर तेच लोक विचारतील, काहून केलं?

विक्कीभाऊचा काटोलला संत्र्याचा धंदा आहे. त्याच्या काकाचा एक बंगला काटोल रोडवर रिकामा पडून आहे, तो आपल्याला मिळाला. पण फक्त दिवसा, कारण संध्याकाळी बागेतले तोडणीचे मजूर तिथं मुक्कामाला येतात. भुताचा सिनेमा आणि शूटिंग भर दुपारी! मी म्हटलं, चालते. खिडक्या-दारं काळ्या कापडानं बंद करू, आत रात्रच रात्र.

बंगल्याचा म्हातारा नोकर कवडू कोण करणार, हे विचारायचीच गरज नव्हती. बाबा. माझे बाबा रुपराव यांनी सारी उमर खडी गंमत केली, गावोगावच्या चौकात उभं राहून माणसं हसवली. आणि त्यांची खासियत एकच, घाबरणं. भूत समोर उभं असतं, पण बाबा लगेच घाबरत नाहीत. चादरीची घडी घालत असले तर घालत राहतात. मग हात थांबतो. मग मान वळते. मग तोंड उघडतं आणि आवाजच निघत नाही. ते छाती धरतात, बोट दाखवतात, दुसरा वळून पाहतो तर तिथं काहीच नसतं. "काय झालं बे?" हा त्या दुसऱ्याचा डायलॉग. लोक हसून हसून मातीत लोळायचे.

जुने भुताचे विनोदी सिनेमे सगळे याच एका गमतीवर उभे आहेत. ज्याला दिसलं त्याला बोलता येत नाही, आणि ज्यांना बोलता येतं त्यांना दिसत नाही. लहानपणी टीव्हीवर असा सिनेमा लागला की बाबा मला मांडीवर घेऊन बसायचे. सरकणारं कपाट, आपोआप चालणारी मेणबत्ती, चादर पांघरलेला मॅनेजर. मी त्यांच्या बंडीत तोंड लपवलं की म्हणायचे, "पाह्य ना वं, काही नाही होत."

आमच्या घरात तेव्हापासून एक नियम आहे. बाबा गंमत करत असले की "खरं का?" असं विचारायचं नाही. विचारलं की हरलात. हसलात तरी हरलात. एकदा ते जेवता जेवता पाटावरून आडवे झाले, तर आईनं त्यांच्या ताटात शांतपणे आणखी एक पोळी वाढली. आई गेली, पण नियम चालू आहे.

३ डिसेंबर

पियुषनं गांधीबागेतल्या त्याच्या दुकानातून काळ्या कापडाचे ताके आणले. नवरा कापडाच्या दुकानात असण्याचा लग्नानंतर पहिल्यांदाच काही फायदा झाला, असं त्याला म्हटलं तर तोंड फुगवून बसला.

बंगला पाहून आले. मस्त आहे. मधे दिवाणखाना, त्यातून वर जाणारा लाकडी जिना, मागे एक कोठी आणि कोठीला लागून एक बारकी खोली. बाबांनी सगळीकडे फिरून पाहिलं, भिंतीवर हात फिरवला आणि म्हणाले, "घर चांगलं हाये. भूतच ठेवून घेईल मले."

वीज मात्र नावालाच. आपले दिवे लावले की फ्यूज उडतो. जनरेटर पाहिजे, तर मोठा, आवाज न करणारा एकही मिळेना. विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन आलं, त्यात लग्नाचा सीझन. शेवटी एका मांडववाल्याकडून पेट्रोलवर चालणारा लहान मिळाला. आवाज असा करते की बाप्पा!

५ डिसेंबर

पहिला दिवस. पहिला शॉट होईपर्यंत जीव खालीवर.

हर्षित आपला साउंडवाला, कानावर ते मोठे डबे लावून बसला आणि दर मिनिटाला हात वर करू लागला. "मिनलताई, तो जनरेटर बागेत नाही, माह्या डोक्यात चालू हाये." आम्ही जनरेटर अंगणात दूर नेऊन पाहिला, भिंतीमागं ठेवून पाहिला. शेवटी उचलून मागच्या कोठीत ठेवला, चारी बाजूंनी मजुरांच्या गाद्या उभ्या केल्या आणि त्याच्या धुराला पाइप लावून तो कोठीच्या खिडकीतून बाहेर काढला. आवाज एकदम बसला. हर्षितनं अंगठा दाखवला. मला माझ्याच डोक्याचं कौतुक वाटलं.

बाबांचा एक जुना कायदा आहे, तो मी विसरलेच होते. तोंडाला रंग लावला की पुसेपर्यंत लोकांसमोर निघायचं नाही. खडी गंमतमधे ते पडद्यामागं बसून राहायचे, तसे इथं कोठीला लागलेल्या बारक्या खोलीत बसले. जेवणसुद्धा तिथंच. आम्ही सगळे बाहेर लिंबाखाली उन्हात, आणि ते आत अंधारात मेणबत्ती लावून. मी म्हटलं, बाबा, हा सिनेमा आहे, इथं कोण पाहते तुम्हाला? तर म्हणाले, "बाई, कवडू एकदा लोकाइले जेवताना दिसला की मंग थो कवडू नाही राहत."

असा नट आजकाल मिळते कुठं.

६ डिसेंबर

छोटंसंच लिहिते, डोकं ठणकून राहिलं.

जिन्यावर उजेडाची एक तिरीप पडत होती. सगळी रात्र त्या एका रेघेनं फुकट. कुठून येते, कुठून येते म्हणून शोधलं, तर कोठीच्या खिडकीतून, पाइपाच्या बाजूच्या फटीतून. कोणाला सांगायच्या भानगडीत पडले नाही, स्वतःच गेले. पाइप मधे मधे करत होता, तो थोडा आत ओढून घेतला आणि भोकात संत्र्याचं रिकामं पोतं गच्च कोंबलं. झाला अंधार. अशी कामं आपली आपण केलेलीच बरी.

९ डिसेंबर

आज बाबांनी कमाल केली.

उन्नती, जी बंगल्याची नवी मालकीण करून राहिली, तिचा आणि बाबांचा सीन होता. कवडू तिला घर दाखवतो एवढंच. मधेच बाबा थांबले, जिन्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "थे बाई कवाची बसली वं तिथं?" स्क्रिप्टमधे नाही हे! उन्नती अशी दचकली, आणि तेच तर पाहिजे होतं. मी शॉट तोडला नाही. नंतर बाबांना विचारलं, हे कधी सुचलं? तर माझ्याकडे पाहत राहिले. "सुचलं नाही. बसलीच होती ना." तोंडावर रेषसुद्धा हलली नाही. मी हसले. हरले.

सगळ्यांची डोकी दुखून राहिली. धुराच्या मशीनमुळं असेल. भुतासाठी थोडा थोडा धूर सोडावाच लागतो, आणि त्यावर बाबा त्यांच्या खोलीत जाळतात तो ऊद. आत कशाचाच वेगळा वास येत नाही आता.

१० डिसेंबर

सिंधूताईंना उलटी झाली. त्या आपला मेकअप करतात, लकडगंजहून येतात. बाबांच्या खोलीत रंग लावता लावता एकदम उठून बाहेर पळाल्या. लिंबाखाली बसवलं, लिंबूपाणी दिलं, थोड्या वेळानं ठणठणीत. पण पदर खोचून माझ्यासमोर उभ्या राहिल्या.

"मिनलबाई, हे घर बरोबर नाही हाये. बाहेर आली की मले काही नाही होत. आत गेली की कोनीतरी छातीवर बसते."

"अहो ताई, सकाळी काही खाल्लं नसेल तुम्ही."

"तर्री-पोहे खाल्ले मी."

"मग तेच."

हर्षित हसला नाही. मागून हळूच म्हणाला की त्यालाही कालपासून वरच्या मजल्यावर पावलं ऐकू येतात. वर कोणीच नसते. रेकॉर्डिंगमधे ऐकलं तर काहीच नाही. "मशीनले नाही ऐकू येत आनि मले येते, म्हंजे काय ताई?"

म्हणजे तू झोपत नाहीस, दुसरं काय.

विक्कीभाऊ मात्र खूश. त्यानं मोबाइलवर लगेच एक व्हिडिओ काढला. 'भुताच्या सिनेमात खरं भूत, कलाकार हादरले'. अशी जाहिरात फुकटात कोणाला मिळते, म्हणतो. सिंधूताईंच्या समाधानासाठी नारळ फोडला, आणि त्यांनी सांगितलं म्हणून पुढचं दार शूटिंगभर लावून घ्यायचं ठरवलं. बाहेरचं काही आत येऊ नये म्हणून. मला काय, उजेडही येत नाही तेवढाच.

१२ डिसेंबर

बाबांवर ओरडले. सगळ्यांसमोर.

एकच ओळ. "मालकीणबाई, जेवण तयार आहे." ज्या माणसाला रातभराची अख्खी गंमत तोंडपाठ असायची, त्याला ही एक ओळ येईना. "मालकीणबाई..." आणि गप्प. परत घेतलं, परत गप्प. मी म्हटलं, बाबा, ही गंमत पुरे आता, उन्हं उतरून राहिली, मजूर येतील. ते म्हणाले, "पोरी, डोक्यात कोनी कापूस भरला." मी म्हटलं, मग काढा तो कापूस! एवढ्या जोरात म्हटलं की उन्नती दुसरीकडे पाहायला लागली.

घरी येताना गाडीत ते खिडकीतून बाहेर पाहत बसले. मोकळी हवा लागली तसे जरा बोलायला लागले. म्हणाले, "तुह्यासाठी करून राहिलो वं मी. मले आता कुठं जमते." मला इतकं वाईट वाटलं. पण तोंडातून निघालं, "जमते, सगळं जमते, उद्या नीट करा." आई असती तर माझ्या पाठीत धपाटा घातला असता.

एक लिहायचं राहिलं. सिंधूताई म्हणतात, बाबांना गालावर लाली लावायची आता गरजच पडत नाही. चेहरा आपोआप लाल दिसते. चला, तब्येत मानवली म्हणायची.

१५ डिसेंबर, दवाखान्यात

काल काय झालं ते लिहिते. नाही लिहिलं तर डोक्यात तेच तेच फिरते.

बाबांच्या घाबरण्याचा मोठा सीन होता. सगळा सिनेमा त्यासाठीच मांडला होता. कवडू चादरीची घडी घालतो, मागं भूत येतं. बाबा सकाळपासून रंग लावून त्या खोलीत बसलेले. बोलावलं तर भिंत धरत आले. मला वाटलं, कवडू आला.

घडी घालायला लागले. हात थांबला. अजून भूत आलंच नव्हतं, पण मी काही बोलले नाही, म्हटलं त्यांची वेळ त्यांना माहीत. मान वळली नाही. तोंड उघडलं. आवाज नाही. छातीवर हात गेला, मग तो हात हवेत माझ्याकडे आला. कवडूनं भुताकडे बोट दाखवायचं असतं. ते माझ्याकडे दाखवत होते. मग भिंतीला टेकून खाली सरकत गेले, हळूहळू, चादरीसकट. काय घाबरणं होतं ते! विक्कीभाऊनं हसू येऊ नये म्हणून तोंडात रुमाल कोंबला. उन्नतीनं तिचा डायलॉग म्हटला, "काय झालं, कवडूकाका?" आणि मग सगळे हसले. मीपण. मला वाटलं, हा शॉट लोक जन्मभर विसरणार नाहीत. कॅमेरा चालूच ठेवला.

सिंधूताईंनी चादर ओढली आणि किंचाळल्या.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी पहिला प्रश्न विचारला, "घरात काय जळत होतं?" मी म्हटलं ऊद. दुसरं काय? धुराचं मशीन. दुसरं? मग मी जनरेटर म्हटलं. त्यांनी पेन खाली ठेवला.

पेट्रोलच्या धुरात एक वायू असतो म्हणाल्या. त्याला वास नाही, रंग नाही. बंद घरात साठत जातो आणि रक्तात शिरून हवेची जागा घेतो. डोकं दुखते, उलटी होते, नाही ते दिसते, नाही ते ऐकू येते. तुम्ही बाकीचे जेवायला बाहेर जात होता म्हणून वाचला. हे कुठं बसत होते?

कोठीच्या बाजूला, म्हटलं. रंग लावून.

पाइप मीच आत ओढला. पोतं मीच कोंबलं. डॉक्टरीणबाईंना सांगितलं, पियुषलाही सांगितलं. तो नुसता हात धरून बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. बाबा अजून डोळे उघडत नाहीत. नाकातोंडावर ऑक्सिजनचा मास्क, आणि कानामागं कवडूचा रंग राहिलेला. देवा, एवढ्या वेळी माझ्या बापाला उठव. मला दुसरं काही नको.

१६ डिसेंबर

उठले!

नर्सनं विचारलं, आजोबा, नाव काय? तर म्हणाले, "तुमचं सांगा आधी, मंग पाहू." ती हसली. हरली. मी बाहेर जाऊन जिन्यात ढसाढसा रडले.

२० डिसेंबर

बाबा घरी आले. वरण-भात खाल्ला, भाजीत मीठ कमी म्हणून मला बोलले. पियुषला "जवाईबापू, तुमाले रंग लावला तर भूत लय चांगलं निघंन" म्हणाले. अगदी पहिल्यासारखे.

निघताना डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की अजून काही आठवडे नीट लक्ष ठेवा. यात बरं झालेलं माणूस मागाहून पुन्हा बिघडू शकते. वागण्यात, बोलण्यात, चालण्यात काहीही वेगळं वाटलं की थांबू नका, लगेच आणा. मी हो हो म्हटलं. माझ्याइतकं लक्ष कोण ठेवेल? मी तर त्यांच्या उशाशी झोपते.

विक्कीभाऊ संत्र्याची पेटी घेऊन आला आणि बाबांच्या पायाशी बसून लहान पोरासारखा रडला. तो भुताचा व्हिडिओ काढून टाकला म्हणाला. बाबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "रडू नको गा. सिनेमा पुरा कर." एकच सीन राहिला आहे, शेवटचा. मी तर नको म्हणून राहिले. पण बाबांनी दोनदा विचारलं, कधी करायचा म्हणून.

२७ डिसेंबर

घर पुन्हा घरासारखं झालं. बाबांच्या गमती सुरू.

सकाळी सदरा उलटा घालून आले, शिवण बाहेर, खिसा आत. तसेच बसून पेपर वाचू लागले. मी गाल आतून चावून धरला, हसले नाही. दुपारपर्यंत तसेच बसले. वा रे पठ्ठ्या!

कवडूची चालपण सुरू केली आहे. पाय न उचलता, घासत घासत, लहान लहान पावलं. शेवटच्या सीनची तयारी करून राहिले, मी ओळखलं. नाहीतर त्यांची खरी चाल अशी की मला मागं पळावं लागते. पेपर मात्र सकाळचाच, त्याच पानावर. म्हातारपणी माणूस सावकाश वाचते.

१ जानेवारी

पियुषशी भांडण. नव्या वर्षाचा पहिला दिवस आणि हे.

जेवताना बाबांनी पाण्याच्या गिलासात वरण ओतलं आणि चमच्यानं ढवळत बसले. पियुषनं घास खाली ठेवला आणि विचारलंच, "बाबा, खरंच का?"

मी म्हटलं, हरलास.

"मिनल, हे बरोबर नाही वाटून राहिलं मले. काल त्यांचं धोतरपण ओलं होतं."

"पाणी सांडलं असेल."

"मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते माझ्याकडे पाहतच नव्हते. डॉक्टरीणबाईले फोन कर."

मी ताडकन उठले. म्हटलं, तू आमच्या घरातला नाहीस, तुला कळत नाही, या माणसानं जन्मभर हेच केलं. त्यांना जराशी गंमत करायची मोकळीक मिळाली तर तुला त्यांना पुन्हा त्या पलंगावर टाकायचं आहे का? असं खूप बोलले. पियुष उठून गेला. बाबा ढवळतच होते. मी त्यांच्याकडे पाहून डोळा मारला. त्यांनी परत मारला नाही, पण ते कधीच मारत नाहीत. तिथंच तर त्यांचं सगळं आहे.

माझं बोलणं जास्त झालं. उद्या पियुषची माफी मागेन.

४ जानेवारी

सिनेमा संपला.

आज खिडक्या उघड्या होत्या, कापड काढून फेकलेलं, जनरेटर पार बागेच्या टोकाला. शेवटच्या सीनमधे भुताचा बुरखा निघतो आणि आत मालकिणीचा चुलता असतो, तेव्हा कवडू त्याला ओळखतो. हळूहळू, बाबांच्या पद्धतीनं. मी म्हटलं, घ्या बाबा तुमचा वेळ.

त्यांनी काहीच केलं नाही. समोर बुरखा निघाला आणि ते नुसते पाहत राहिले. हात खाली, तोंड किंचित उघडं, डोळ्यांत काहीच नाही. सेटवर एकही माणूस हसला नाही. मी दोन मिनिटं थांबले, मग कट म्हटलं. आधी निराश झाले, मग गाडीत विचार केला तर कळलं. केवढा संयम! लोकांना वाटणार ते घाबरतील, ओरडतील, आणि हा म्हातारा काहीच करत नाही. असं धाडस दुसरा कोणी करूच शकत नाही.

रंग पुसताना सिंधूताईंच्या डोळ्याला पाणी का आलं, कळलं नाही. "रुपरावभाऊ माह्याशी एक शब्द नाही बोलले," म्हणाल्या. "डोळे मिटा म्हटलं तर मिटेच ना." मी म्हटलं, ताई, तो त्यांचा कायदा आहे, रंग असेपर्यंत ते कवडूच. त्या म्हणाल्या, "रंग तर केव्हाच पुसला मी, बाई."

९ जानेवारी

आज सकाळी बाबा अंगणात उन्हात बसले होते. मी तुरीच्या शेंगांची टोपली घेऊन त्यांच्यापुढे बसले. ते उठून उभे राहिले आणि माझ्यापुढे हात जोडले.

"नमस्कार, बाई."

मी पण हात जोडले. "नमस्कार. बसा ना."

"बसत नाही. माही पोरगी येऊन राहिली असंन. मिनल नाव हाये तिचं. तुमाले दिसली तं पाठवा."

मी ओठ दाबून धरले. बाबांचं कसं आहे, गंमत कितीही लांबली तरी शेवटी त्यांचा खालचा ओठ जरासा थरथरते. आई मला तेच पाहायला शिकवायची. मी त्या ओठाकडे पाहत राहिले. शेंगा सोलल्या, पुन्हा पाहिलं. ओठ हलला नाही. ते हात जोडूनच उभे होते, फाटकाकडे पाहत, आणि त्यांचे पाय लटपट कापत होते.

मग मी जन्मात पहिल्यांदा विचारलं. "बाबा, खरं का?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. माणूस वाट विचारायला अनोळखी बाईकडे पाहते ना, तसं. "तिले उशीर झाला तं मले काळजी वाटते, बाई," म्हणाले.

डॉक्टरीणबाईंना फोन केला. सदरा सांगितला, चाल सांगितली, वरण सांगितलं, धोतर सांगितलं. एकेक सांगत गेले तसा माझाच आवाज मला ऐकवेना. त्या म्हणाल्या, "हे केव्हापासून?" मी सांगितलं. मग म्हणाल्या, आत्ताच घेऊन या. काही लोक यातून सुधारतात, महिने लागतात, पण सुधारतात. लवकर आणायचं असते. मी सांगितलं होतं ना तुम्हाला?

हो. सांगितलं होतं. मीच पाहत होते, रोज, त्यांच्या उशाशी बसून, आणि मला सगळं दिसत होतं. त्या माणसाला बोलता येत नव्हतं आणि मी हसत होते.

पियुषला फोन केला. गांधीबागेतून गाडी घेऊन निघतो म्हणाला.

बाबा अजून अंगणातच उभे होते. बसायला तयार नाहीत, पोरगी येईपर्यंत. मी म्हटलं, गाडी यायची आहे, तोवर बसा, मी पाठवते तिला. घरात गेले. चूळ भरली, डोळे पुसले, ओढणी बदलली, केसांचा शेपटा घातला, तो लहानपणी घालत होते तसा. मग पायात चपला सरकवल्या, मागच्या दारानं निघाले आणि घराला वळसा घालून फाटकातून आत आले, बाहेरून येते तशी.

"बाबा," म्हटलं, "मी आली."

त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लिहू शकत नाही. "आली का वं," म्हणाले, आणि माझा हात धरून मटकन खाली बसले. कितीतरी वेळ माझ्या बोटांवरून बोटं फिरवत राहिले. मग आवाज खाली करून म्हणाले, "आत एक बाई हाये. रडून राहिली होती बिचारी. मले काही तिनं सांगितलं नाही, पन तिले काहीतरी लागलं हाये मनाले. गाडी यायच्या आधी तिले चहा दे."

मी हो म्हटलं, आणि तीन कप चहा ठेवला.